सत्तावीस नंबरचा ठिपका

कोकिळा झाडे नोकरीवर रुजू झाली तेव्हा कचेरीत तिचं टेबल आधीच ठरलेलं होतं. नकाशे शाईनं गिरवण्याची खोली, खिडकीजवळची जागा, उजेड भरपूर, पंखा बरोबर डोक्यावर. सरकारात एवढी सोय कुणी कुणाची करत नाही. केली, तर समजावं की माणसाला तिथंच बसवून टाकायचा विचार आहे. कोकिळानं त्या टेबलावर आपला डबा ठेवला आणि सरळ साहेबांच्या खोलीत जाऊन डोंगर मागितला.

साहेब म्हणजे प्रभाकरराव. वर्ध्याच्या त्या कचेरीतून खडकांचा एकही नकाशा त्यांच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. माणूस पंचावन्नाच्या घरातला, गुडघे गेलेला, डोळे मात्र घारीचे. बाईमाणसानं हातोडी घेऊन उन्हातान्हात हिंडावं हे त्यांना पटत नव्हतं, आणि पटत नाही हे ते तोंडावर सांगत. एवढा एक गुण त्यांच्यात होता. कोकिळा वर्षभर मागत राहिली. हिंगणघाटकडच्या शेतकऱ्याची पोर ती, एकदा धरलं की सोडायची नाही. शेवटी १९८१च्या डिसेंबरात त्यांनी तिच्यापुढं नकाशाची एक शीट टाकली. जिल्ह्याचं उत्तर टोक, आर्वीच्याही वरचा डोंगराळ पट्टा. तिथं गिट्टीच्या खदानी होत्या आणि आणखी होऊ घातल्या होत्या.

“शीट बिनचूक आली तर जूनमध्ये तुम्हाला कायम करतो आणि फिल्ड तुमचं,” ते म्हणाले. “चूक निघाली तर ते खिडकीजवळचं टेबल. मग पुन्हा माझ्याकडं यायचं नाही.”

कोकिळा हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं निघाली. सोबत कवडूजी. कवडूजी जामजवळच्या एका खेड्यातले, खात्यात बावीस वर्षं खलाशी. यंत्रं वाहायची, खड्डे खणायचे, साहेब सांगतील तो दगड फोडायचा. शिक्षण चौथी नापास, पण पायाखालचा दगड पोकळ आहे की भरीव हे त्यांना चपलेतून कळायचं.

काम समजायला अवघड नाही. करायला आहे. आपल्याकडचे हे काळे डोंगर म्हणजे फार फार पूर्वी, साडेसहा कोटी वर्षांमागं, जमिनीतून उकळत वर आलेला रस. एकदा आला, थिजला. पुन्हा आला, त्याच्यावर थिजला. चुलीजवळ भाकरी एकावर एक ठेवाव्यात तसे थर. दोन रसांच्या मध्ये फार काळ गेला की खालच्या थराचा माथा सडून त्याची तांबडी माती व्हायची आणि वरून येणारा नवा रस तिला भाजून काढायचा. म्हणून खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मध्ये हात-दोन हात जाडीचा तांबडा पट्टा. हा तांबडा थर कुठं किती उंचीवर आहे ते सापडलं की अख्ख्या डोंगराची वीण कळते. ते पायी हिंडून शोधायचं आणि नकाशावर रंगानं दाखवायचं, एवढंच काम.

त्या शीटमध्ये धामणटेक नावाचं नव्वद घरांचं गाव होतं. गावाच्या विहिरी होळीनंतर तळ दाखवायच्या. गाव जगायचं ते डोंगराच्या कुशीतल्या एका झऱ्यावर. झरा तिथंच का, याचं कारणही तो तांबडा थरच होता. वरचा दगड भेगाळलेला; पावसाचं पाणी त्यातून मुरत खाली यायचं, तांबड्या चिकण मातीवर अडायचं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडायचं. आता झऱ्याच्या पश्चिमेला, मैलभराच्या आत, डोंगराची एक सोंड होती. त्या सोंडेच्या उतारावरचा सात एकरांचा पट्टा गिट्टीच्या खदानीसाठी कुणीतरी मागितला होता. द्यायचा की नाही हे कोकिळाच्या नकाशावरून ठरणार होतं. पट्ट्यातला दगड तांबड्या थराच्या खालचा असेल तर खुशाल फोडा, झऱ्याला धक्का नाही. पण वरचा असेल, तर त्या दगडातच झऱ्याचं पाणी साठलेलं. तो सुरुंगानं उडवला की झरा संपला.

तेव्हा प्रश्न एकच होता. सोंडेवर तांबडा थर किती उंचीला आहे?

झऱ्यापाशी तो चारशे बारा मीटरवर मिळाला. पूर्वेच्या नाल्यात चारशे अकरावर. पश्चिमेला मात्र सगळा उतार दगडगोट्यांनी झाकलेला. तीन दिवस कोकिळा आणि कवडूजी त्या उतारावर वरखाली झाले. तिसऱ्या दिवशी, उन्हं कलली असताना, सोंडेच्या अगदी माथ्यावर तिला तो दिसला. खळ्याएवढ्या जागेत पसरलेली तांबडी माती, घट्ट, पायानं न दबणारी. तिनं कडेला हातोडीनं वीतभर खणलं. आतही तांबडंच. उंची चारशे छत्तीस. म्हणजे थर पश्चिमेकडं चढत गेला होता, आणि खदानीचा पट्टा त्याच्या पार खाली होता.

कवडूजी त्या मातीवर उभे राहून इकडंतिकडं पाहत होते.

“बाई, याच्या डोक्श्यावर तं गोटा नाई,” ते म्हणाले.

“झिजून गेला असन, कवडूजी. माथाच हाय ना हा.”

“असन,” ते म्हणाले आणि यंत्र उचललं.

आता खरं सांगायचं तर तिला तो ठिपका हवा होता. तीन दिवसांचे पाय दुखत होते, शीटवर तेवढीच एक जागा कोरी होती आणि जे हवं होतं ते समोर आलं. माणूस अशा वेळी दुसऱ्यांदा वाकून बघत नाही. तिनं वहीत लिहिलं, ठिपका नंबर सत्तावीस, तांबडा थर. मार्चच्या मध्याला शीट पुरी झाली. तिची सही झाली, प्रभाकररावांची झाली. ते काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते. मे महिन्यात शीट छपाईला नागपूरला जायची होती आणि खदानीच्या कागदावर ‘हरकत नाही’ असा शेरा पडायचा होता.

एप्रिलमध्ये कोकिळा पुन्हा धामणटेकला गेली. उन्हाळ्यात झऱ्याची धार किती राहते हे मोजायचं होतं. एक घागर भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं, एवढंच. काम तासाभरात आटोपलं. झऱ्याजवळचं पहिलं घर मनकर्णाबाईचं. म्हातारी पासष्टीची, बोलायला फटकळ, पण हिवाळ्यात कोकिळाचे दगडांनी भरलेले थैले तिनंच ओसरीत ठेवून घेतले होते. तिनं चहा ठेवला. कोकिळा अंगणात बसली, तर समोर सुपात तांबडी माती वाळत घातलेली आणि शेजारी एक टोपली भरून ठेवलेली.

गोठ्यात एकच बैल होता. हिवाळ्यात दोन होते. कोकिळानं विचारलं तेव्हा मनकर्णाबाईनं सांगितलं की हरण्या आठ दिवसांपूर्वी गेला. अकरा वर्षं वाहिलं त्यानं. दोन दिवस पाणी पिला नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाही. हे सांगताना तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत, चुलीतलं लाकूड मात्र उगाच दोनदा पुढं सारलं.

मग कोकिळानं सहज विचारलं की पोळा तर अजून चार महिने लांब, मग गेरू आताच काऊन खणून ठेवला.

“हरण्याचा वाटा हाय थो,” मनकर्णाबाई म्हणाली. “पोळ्याले त्याच्या शिंगाले लागला असता. आता थो नाई, तं त्याचा गेरू बैलमाथ्यावर टाकाचा. पाणी लागलं की खाण चिखलानं भरते, म्हून आताच काढून ठेवला.”

कोकिळानं चहाचा कप खाली ठेवला. बैलमाथा कुठं आहे, असं तिनं विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं.

मनकर्णाबाईनं हात करून सोंड दाखवली. गावची रीतच होती ती. ज्याच्या घरचा बैल त्या साली मेला, त्यानं पोळ्याच्या सकाळी त्या बैलाच्या वाटणीचा टोपलंभर गेरू सोंडेच्या माथ्यावर नेऊन ओतायचा. जोडीतला उरलेला बैल सोबत न्यायचा आणि त्या मातीवरून त्याला फिरवून आणायचा. मग बाकीच्या बैलांची शिंगं रंगवायची. मनकर्णाबाईच्या सासऱ्याच्या आज्यापासून हे चालत आलेलं. दर साली दोन टोपल्या, चार टोपल्या. रोगराईच्या एका साली म्हणे सत्तावीस घरांतून टोपल्या निघाल्या होत्या. आकडाही नेमका तोच यावा!

कोकिळा आणि कवडूजी भर उन्हात सोंड चढले. या वेळी तिनं कडेला नाही, मधोमध खणलं. वीतभर तांबडं, त्याखालीही तांबडं. मग हातोडीला काहीतरी टणकन लागलं. तिनं बोटांनी माती सारली. पितळेची शेंबी होती, बैलाच्या शिंगाच्या टोकाला बसवतात ती, हिरवी पडलेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं पोळा भरत होता अशी नोंद कुठल्याच पुस्तकात नाही. तिनं आणखी खणलं. दीड फुटावर माती संपली आणि खाली काळा दगड लागला, पाट्यासारखा स्वच्छ. खऱ्या तांबड्या थराचा तळ असा एकाएकी तुटत नाही. खालचा दगड हळूहळू सडत वर तांबडा होत आलेला असतो. हे तिला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

ती तिथंच बसली. शेतकऱ्याच्या घरची पोर. पण त्यांच्या गावाला गेरू आठवडी बाजारातून पुडीत यायचा, तो खणून काढतात आणि टोपलीनं वाहतात हे तिनं कधी बघितलं नव्हतं. म्हणून काय झालं? वाकून बघायला तर येत होतं. कवडूजींनी सांगितलंही होतं. कवडूजी आता थोडं दूर, तिच्याकडं पाठ करून उभे होते. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शेंबी पुन्हा मातीत घालून वरून पाय फिरवला असता, तर जगात कुणाला कळलं नसतं. शीटवर दोन सह्या होत्या. जून दीड महिन्यावर होता. झरा आटला असता तर दोन-चार वर्षांनी आटला असता, आणि गावात लोक म्हणाले असते की पाऊस कमी झाला. हे सगळं कोकिळाच्या मनात आलं. ती काही देवी नव्हती. तिला भीती वाटली आणि मग स्वतःचा असा काही राग आला की ती उठून तरातरा उतारच उतरू लागली.

मनकर्णाबाईच्या अंगणात येऊन तिनं सांगून टाकलं. तुमच्या बैलांच्या गेरूला मी डोंगराचा थर समजले, त्यावरून तिथं खदान चालेल असं लिहून दिलं, आणि खदान झाली तर तुमचा झरा जाईल. मनकर्णाबाई ऐकत राहिली. कोकिळाला वाटलं, आता ही शिव्या देईल.

“मंग नीट कर ना,” मनकर्णाबाई म्हणाली. “भाकर करपली तं माणूस दुसरी थापते. उपाशी थोडीच ऱ्हायते?”

दुसऱ्या दिवशी कोकिळा प्रभाकररावांपुढं उभी राहिली. शेंबी तिनं टेबलावर ठेवली आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, कवडूजींनी हटकलं होतं तेही. प्रभाकररावांनी शेंबी उचलून उजेडात धरली, पुन्हा ठेवली. मग शीट पुढं ओढली. त्यांची सहीही त्याच शीटवर होती.

“सही झालेली शीट मागं घ्यायची म्हणजे ते कागदावर येतं, झाडेबाई,” ते म्हणाले. “तुमच्याही आणि माझ्याही.”

“येऊ द्या, सर.”

“आपण काय ठरवलं होतं ते लक्षात आहे?”

“आहे. टेबलावर बसवायचं तर बसवा, पण ही शीट नीट करून मग बसवा. सत्तावीस नंबर खोटा, एवढं म्हणून भागत नाही. खरा थर सोंडेखाली कुठं आहे तेही दाखवावं लागेल. मला पंधरा मेपर्यंत वेळ द्या.”

प्रभाकरराव चिडले होते, आणि ते स्वाभाविक होतं. जीप मिळणार नाही, ते म्हणाले. मजूर मिळणार नाहीत. कामाचा हंगाम संपलेला आहे, जायचं तर स्वतःच्या रजेत जायचं. कोकिळानं तिथंच उभ्याउभ्या रजेचा अर्ज लिहिला. बाहेर आली तर व्हरांड्यात कवडूजी आपला अर्ज शेजारच्या कारकुनाकडून लिहून घेत होते. विचारलं तर म्हणाले, माझी रजा साचून सडून राह्यली, बाई.

विदर्भातला मे महिना ज्यानं अंगावर घेतला आहे त्याला तो सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. पहाटे फटफटताच दोघं झऱ्यापाशी जायचे आणि अकराला डोंगर सोडायचे, कारण त्यानंतर हातोडीचा दांडा हातात धरवत नसे. पद्धत साधी होती. झऱ्यापासून निघायचं आणि तांबड्या थराचा हात न सोडता उताराला धरून पश्चिमेकडं जायचं. दर शंभर पावलांवर खणायचं. थर लागला की उंची घ्यायची, दगडावर चुन्याचा पट्टा मारायचा, पुढं सरकायचं. हिवाळ्यात हेच करायला हवं होतं. हिवाळ्यात तिनं थर इथं दिसतो का, तिथं दिसतो का, असं उड्या मारत शोधलं होतं.

पहिल्या सहा दिवसांत सात खड्डे झाले आणि सातही ठिकाणी थर लागला. चारशे बारा, चारशे अकरा, चारशे बारा. थर कुठंही चढत नव्हता; ताटात पाणी असावं तसा आडवा चालला होता. सातव्या दिवशी ते खदानीच्या पट्ट्याखाली पोचले आणि थर हरवला. तिथं वरून घसरत आलेल्या गोट्यांचा ढीगच ढीग होता. एक खड्डा चार फुटांवर सोडावा लागला, दुसरा पाचावर. तिसऱ्यात कवडूजींच्या अंगावर कड ढासळली आणि पिंढरी सोलून निघाली. हळद भरून ते दुसऱ्या दिवशी परत हजर. बारा तारीख गेली, तेरा उजाडली. चौथा खड्डाही कोरा निघाला. थर तिथं आडवाच असणार हे कोकिळाला आता पक्कं माहीत होतं. पण असणार म्हणून तर सत्तावीस नंबर लागला होता. या वेळी तिला तो डोळ्यांनी बघायचा होता.

तेरा तारखेला दुपारी ती मनकर्णाबाईच्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. भिंत खालून हातभर गेरूनं सारवलेली. त्या भिंतीकडं बघता बघता तिला एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गेरू म्हणजे तोच तांबडा थर. या गावातल्या बायका शेदोनशे वर्षं तो थर खणत आल्या होत्या. तो कुठं कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तिनं आजवर त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

“मावशी, गेरू तुम्ही झऱ्यापाशीच खणता का? का आणखी कुठं खाण होती पहिले?”

मनकर्णाबाईनं थोडा विचार केला. होती, म्हणाली. तिची सासू नवी नवरी होती तेव्हा बायका सोंडेखालच्या खाणीतून आणायच्या. तिथला गेरू जास्त गडद. मग एका पोळ्याच्या आधी वरचा दगड सुटून खाली आला, एका बाईचा पाय गेला, आणि गावानं ती खाण गोटे टाकून बुजवली. जागा सासूनं तिला दाखवली होती. उंबराचं वाकडं झाड आहे, त्याच्या अंगाला.

“वरचा दगड सुटून?” कोकिळानं विचारलं.

“हो ना माय. खाणीच्या छताचाच.”

चौदाच्या पहाटे मनकर्णाबाई स्वतः पुढं चालत आली. उंबराचं झाड त्यांच्या चौथ्या खड्ड्यापासून साठ पावलांवर होतं. कोकिळा आणि कवडूजी गोटे उचलायला लागले. मनकर्णाबाई थोडा वेळ बघत राहिली, मग झऱ्यावर गेली आणि पाण्याला आलेल्या बायकांना घेऊन आली. पंधरा-सोळा जणी होत्या. त्यांनी रांग धरली आणि गोटे हातोहात खाली जाऊ लागले. मध्ये कुणी गाणं म्हटलं नाही की काही नाही, ऊन चढायच्या आत उरकायचं होतं. साडेनऊच्या सुमाराला वाकून आत शिरता येईल एवढं तोंड मोकळं झालं. कवडूजी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

“कवडूजी?” कोकिळानं हाक दिली.

“या बाई,” आतून आवाज आला. “याच्या डोक्श्यावर गोटा हाय.”

ती आत शिरली. डोक्यावर काळा दगड होता, भेगाळलेला, भेगांच्या कडांना ओल. समोर दोन हात तांबडा थर, वरच्या अंगाला विटेसारखा भाजलेला. पायाशी तो हळूहळू फिकट होत सडक्या दगडात मिसळत गेला होता. जुन्या पहारींचे घाव अजून दिसत होते. कोकिळानं उंची घेतली. चारशे अकरा. खदानीचा सगळा पट्टा या थराच्या वर होता. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. आत कवडूजींशिवाय कुणी नव्हतं आणि ते दगडाकडं बघत होते.

पंधरा तारखेला सकाळी प्रभाकरराव आले. बोलावलं कुणी नव्हतं. जीप पायथ्याशी ठेवून ते काठी टेकत चढले. खड्डे एकूण अकरा होते. त्यांतले सात लागलेले आणि चार कोरे, सगळे त्यांनी बघितले. गेरूच्या खाणीपाशी आले तेव्हा गुडघ्यांनी जवाब दिला होता. तरी कवडूजींचा हात धरून ते आत वाकून शिरले, भाजलेल्या कडेवरून बोट फिरवलं, उंचीचं यंत्र स्वतःच्या हातानं लावून बघितलं. बाहेर येऊन एका गोट्यावर बसले आणि मनकर्णाबाईनं दिलेलं झऱ्याचं पाणी दोन तांबे प्यायले.

“हे माझ्या सहीनं जात होतं,” ते म्हणाले.

जून आला. कोकिळाला पत्र मिळालं. गंभीर चूक केल्यामुळं कायम करणं सहा महिने पुढं ढकललं आहे. चूक स्वतः निदर्शनास आणून स्वतः दुरुस्त केल्यामुळं क्षेत्रकाम तिच्याकडंच राहील. अक्षर प्रभाकररावांचं होतं, कारकुनाचं नव्हतं. तिनं ते दोनदा वाचलं. पहिल्या वाक्याचं तिला वाईट वाटलं आणि ते खरं आहे हेही तिला माहीत होतं. खिडकीजवळच्या टेबलावर त्याच आठवड्यात नवा आरेखक येऊन बसला आणि पंख्याखाली सुखी झाला. खदानीच्या कागदावरचा शेरा बदलला: या पट्ट्यात खोदल्यास झरा आटेल, दगड हवा असल्यास पूर्वेला नाल्यापलीकडं थराच्या खालचा घ्यावा. जागा तिनं नकाशावर आखूनच दिली.

शीट नव्यानं काढली. ती घेऊन कोकिळा सहीसाठी गेली. असल्या नकाशाच्या कडेला एक चौकट असते. कोणता रंग म्हणजे कोणता खडक, ते त्यात लिहितात. सगळ्यांत जुना थर तळाशी, नवा त्याच्या वर, अशी खालून वर चढती मांडणी. प्रभाकररावांनी तळापासून वाचायला सुरुवात केली. खालचा काळा दगड. तांबडा थर. वरचा काळा दगड. नाल्याकाठची गाळाची माती. त्यांचं बोट तिथं थांबायला हवं होतं, पण वर आणखी एक ओळ होती, आणि सोंडेच्या माथ्यावर, जिथं सत्तावीस नंबर होता, तिथं तिळाएवढा एक गडद ठिपका.

“हे खोडायला सांगितलं होतं ना मी?” ते म्हणाले. “नकाशा खडकांचा आहे.”

“तिथं थर आहे, सर. दीड फूट जाडीचा, खळ्याएवढा पसरलेला. मी खोडला तर उद्या दुसरा कुणी जाईल आणि मला वाटलं तेच त्याला वाटेल. काय आहे ते लिहिलेलं बरं.”

प्रभाकररावांनी चष्मा पुसला आणि ती वरची ओळ मोठ्यानं वाचली. “गेरू. माणसांनी मेलेल्या बैलांसाठी आणून टाकलेला. जाडी दीड फूट. थर अजून साचतो आहे.” त्यांनी वर बघितलं. “अजून साचतो आहे, हे कशावरून?”

“या पोळ्याला मनकर्णाबाईंची टोपली पडायची आहे.”

त्यांनी टेबलाच्या खणातून शेंबी काढली आणि तिच्यापुढं सरकवली. नमुना म्हणून तिच्यावर नंबराची चिठ्ठी लावली होती, ती त्यांनी आधीच काढून टाकलेली होती. जाशील तेव्हा ही जागेवर ठेव, असं त्यांनी सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिला अहो-जाहो न करता बोलले होते. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“नाव काय होतं त्या बैलाचं?”

“हरण्या,” कोकिळा म्हणाली.

प्रभाकररावांनी मान हलवली आणि सही केली.